कास्नावीला माती

३ फेब्रुवारी

वहीच्या पुढच्या पानांवर अर्थशास्त्राच्या नोंदी आहेत, त्या तशाच राहू देत. मी मागच्या पानापासून सुरू करतोय. तिसऱ्या सत्रात कॉलेज का सोडलं हे आईला ठाऊक नाही, अब्बांना तर नाहीच. वहीला कळायला हरकत नाही. मुनिरोहसाठी.

बंदरावरच्या मशिदीसमोर तिच्या आईची चहाची टपरी आहे. ती गल्ल्यामागे बसते, हिशेब करताना ओठ हलवते आणि माझ्याकडे बघायचं नाही म्हणून मुद्दाम बरणीकडे बघते. त्या दिवशी तिचा बाप बाकावर बसून कोणाला तरी ऐकवत होता, म्हणजे मलाच, की आपल्या पमलांगात फरशीची घरं कोणाची आहेत बघा. दर्यावर जाणाऱ्यांची. पुस्तकं वाचणाऱ्यांच्या घरात अजून शेणामातीचीच जमीन. मी अर्धा चहा टाकून उठलो तो तडक एजंटाच्या कचेरीत. डोक्यात राख घातली की माझे पाय माझं ऐकत नाहीत.

तिचा थोरला भाऊ कास्नावी याच बोटीवर निघाला होता. मी एजंटाच्या मागे लागून तीच बोट घेतली. भाऊ जिंकला की घर जिंकलं. कास्नावीला मी कांग म्हणतो, आमच्याकडे थोरल्या भावाला म्हणतात तसं; त्याला यातलं काही माहीत नाही. पहिल्याच दिवशी मला कठड्याला लटकून ओकताना बघून तो म्हणाला, "कॉलेजवाल्या, टपरीवर एका चहावर सकाळची दुपार करायचास तेच बरं होतं."

एजंटाने माझं बारावीचं मूळ प्रमाणपत्र ठेवून घेतलं आणि बोटीवर चढताच कप्तानाने सगळ्यांचे पासपोर्ट घेतले. पाण्याने खराब होऊ नयेत म्हणून, असं मुकादम म्हणाला. एवढी काळजी घेतात हे बरं वाटलं.

२० फेब्रुवारी

काम असं आहे. पहाटे दोर सोडायला लागायचं. दोराला गळ, गळाला बांगडा नाहीतर माकूल, आणि दोर संपतच नाही. मग थोडं आडवं व्हायचं. मग तोच दोर ओढायचा, आणि ओढणं कधी संपेल ते मासे ठरवतात. ट्यूना वर आला की त्याचं पोट काढा, कल्ले काढा, फ्रीजरमध्ये टाका. फ्रीजरमध्ये श्वास घेतला की नाकातले केस काचेसारखे होतात.

स्वयंपाकी कप्तानाच्या मुलखातला. सगळं डुकराच्या चरबीत करतो. त्यामुळे आम्ही जावा बेटावरचे पांढरा भात आणि वर मिरचीचं पाणी, नाहीतर पुडीतल्या शेवया. कधी आमिषाच्या खोक्यातला बांगडा तळून घेतो. पाणी यंत्रातलं, समुद्राचं गोड केलेलं. त्याला गंजक्या खिळ्याची चव आहे, कितीही प्यायलं तरी तहान जाग्यावर. कप्तानाच्या केबिनबाहेर बाटल्यांची खोकी आहेत.

१२ मार्च

हाताला गळ लागला. तळव्यातून आरपार. मुकादम बघून हसला आणि दोर थांबवला नाही. कांगने माझी जागा घेतली, स्वतःचीही सांभाळली आणि वर मला शिव्या देत राहिला, म्हणजे मुकादमाला वाटावं की मला शिक्षा चाललीय.

जेवताना वास्तोरी म्हणाला की भोक चांगल्या जागी पडलंय, आता सुतळी ओवून घरी पाठवता येईल. वास्तोरी तेगलचा. तेगलचा माणूस मयताची बातमी सांगायला आला तरी ऐकणाऱ्याला आधी हसू येतं, असा त्यांचा हेल. कांगही हसला. हसताना त्याच्या गालाला मुनिरोहसारखीच खळी पडते. मला जेवण गेलं नाही.

१० मे

रोजे सुरू झालेत. कप्तानाला ते आवडत नाही; त्याच्या मते उपाशी माणूस चोर असतो, मालकाची ताकद चोरतो. आम्ही धरतोच.

कांगचे पाय सुजलेत. पहिल्यांदा वाटलं रबरी बूट घट्ट झालेत. काल बूट कापून काढावे लागले. नडगीवर अंगठा दाबला की खड्डा पडतो आणि खड्डा तसाच राहतो, ओल्या रेतीत पडावा तसा. वास्तोरीच्याही घोट्यांना थोडी सूज आहे, पण तो म्हणतो त्याचे पाय जन्मापासून गरोदर आहेत.

सगळ्यांचं एकमत आहे: अंगात वारा शिरलाय. इतके महिने ओल्या कपड्यांत वाऱ्यावर उभं राहिल्यावर दुसरं काय होणार. मी मुकादमाकडे गोळ्या मागितल्या. त्याने डोकेदुखीच्या दिल्या आणि म्हणाला कप्तान विचारतोय, हा सुजलेला किती दिवस नाटक करणार आहे.

१६ मे

मी कांगला आता माझ्या हातात घेतलंय. मला मुनिरोहच्या दारात तिचा भाऊ उभा करायचाय, चालत गेलेला. दुसरं काहीही झालं तरी चालेल.

रोजे मी बळेच सोडायला लावले. कामावरून आलो की कांगच्या पाठीला मलम चोळून नाण्याने बरगड्यांच्या रेघांवरून घासतो. लाल पट्टे उठतात. जितके लाल तितका वारा बाहेर, असं आई सांगते. कांगची पाठ अगदी लालभडक होते, म्हणजे वारा भरपूर निघतोय.

आणि पथ्य. वशाट एकदम बंद. बांगडा, माकूल, काही नाही. आजाऱ्याला वशाट दिलं की सूज पिकते, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. भात दोनदा तीनदा धुऊन, पाण्यात शिजवून, गुरगुट्या मऊभात करतो, चिमूट मीठ घालून. माझ्या वाटणीचा भातही त्यातच जातो. मी बांगडे खाऊन भागवतो, कितीदा तर अर्धे कच्चेच. आमिष खाल्लं म्हणून मुकादमाने एकदा कानफटात दिली. देऊ दे.

संध्याकाळी कांग म्हणाला, "बिरिन, एक बांगडा तळून दे रे. नुसता शेपटीकडचा."

मी म्हटलं, "कांग, बरे व्हा, मग टोपलीभर देतो."

तो लहान मुलासारखा वाटीकडे बघत राहिला आणि मग गुपचूप मऊभात खाल्ला. मी मनात घट्ट राहिलो.

५ जून

ईद. आमिषाच्या खोक्यांवर ताडपत्री टाकून नमाज पढलो. कॉलेज शिकलेला म्हणून मला पुढे उभं केलं. कॉलेजात मागणी-पुरवठा शिकवतात, नमाज नाही, पण कोणी ऐकेना. कांग बसूनच पढला. सगळ्यांनी सगळ्यांची माफी मागितली. कांग माझे हात धरून म्हणाला, माझं काही चुकलं असेल तर पोटात घाल. मला रडू फुटलं, कारण चुकलेलं त्याचं काही नव्हतं, लपवलेलं माझं होतं. तोंडावर आलं होतं की कांग, मी तुमच्या बहिणीसाठी आलोय. तेवढ्यात मुकादमाने भोंगा वाजवला.

२८ जून

आज खूप झालं. नीट लिहितो, नाहीतर डोकं फुटेल.

मासे न्यायला मोठं जहाज आलं. आम्ही बंदराला जात नाही, बंदरच आमच्याकडे येऊन माल उचलून जातं, डिझेल आणि आमिष देऊन जातं. दोन्ही बोटी एकमेकींना बांधल्या. मी ठरवलं होतं, आज कांगला त्या जहाजावर चढवायचाच. मुकादमाला सांगितलं, कप्तानाला सांग. कप्तानाने नाही म्हणून मान हलवली. करार मोडून जाणाऱ्याच्या घराचं एजंट काय करतो ते विचार त्याला, म्हणाला. कांगच्या घराचे कागद एजंटाकडे गहाण ठेवलेले आहेत हे मला आज कळलं. कांग म्हणाला, राहू दे बिरिन, मी उतरलो तर घरातले रस्त्यावर येतील.

त्या जहाजावर फिलिपिनो खलाशी आहेत. एकाकडे उपग्रहाचा फोन होता. कांगने त्याला आपलं घड्याळ दिलं आणि घरी बोलला. मी लांब उभा होतो, पण कान तिथे. फोन परत देऊन तो कठड्याला टेकून बसला. मी सहज विचारावं तसं विचारलं, घरी सगळे बरे?

"बरे आहेत. अंगणात मोठा मांडव घातला होता म्हणे. आई पाहुण्यांचं करून दमलीय."

"कसला मांडव?"

"असाच," तो म्हणाला, आणि आपल्या सिगारेटींचं अख्खं पाकीट माझ्या खिशात कोंबलं.

कांगच्या धाकट्या भावाची सुंता असणार. त्याचं वय झालंच होतं. सगळं पमलांग जेवून गेलं असेल, मुनिरोहने वाढलं असेल. मी नव्हतो.

मग शेवटचा प्रयत्न म्हणून मी त्या जहाजाच्या स्वयंपाक्याला धरलं. म्हातारा, हसरा. दोरीच्या शिडीवरून उतरून आला, कांगची नडगी दाबून बघितली आणि मोडक्या इंग्रजीत मला विचारलं, हा खातो काय? मी छाती काढून सांगितलं, फक्त पांढरा मऊभात, वशाट एकदम बंद. त्याचं हसू गेलं. भात, भात, भात, असं स्वतःशीच म्हणत तो शिडी चढून गेला. मला वाटलं कप्तानाशी बोलायला गेला. परत आला तो हातात पिशवी घेऊन. हिरवे मूग.

मूग! गावातल्या दवाखान्यात बायका रांगेत बसून तान्ह्या पोरांना मुगाची खीर भरवतात, ती खीर. मी माणसाचा जीव मागितला आणि याने मला पोरांचा खाऊ दिला. मागून मुकादम म्हणाला, "घे की, तुझ्या राजाला खीर कर. राणी दिसत नाही कुठे?"

पुढचं मला आठवतं ते असं की पिशवी मुकादमाच्या छातीवर फुटली आणि मूग सगळ्या डेकवर उडाले. मला दोघांनी धरून ठेवलं. म्हातारा शिडीवर उभा राहून बघत होता. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, त्याचाच मला जास्त राग आला. मग रबरी नळीने डेक धुतला गेला.

मोठं जहाज सुटलं. कांग इथेच आहे.

६ जुलै

वास्तोरीने त्या दिवशी मोऱ्यांत अडकलेले मूग टोपीत गोळा केले होते. रोज मूठमूठ उकडून साखर घालून खातो. हा तेगलचा माणूस, पंगतीत पत्रावळही सोडणार नाही. थोडे त्याने कांगसाठी आणले. मी परत पाठवले. कडधान्याने वारा वाढतो, आणि इथे आधीच अंगात वादळ आहे.

वास्तोरी कांगला म्हणाला, "कांग, हा तुम्हाला जावयासारखा जपतोय, सासरासुद्धा इतका छळत नाही."

मी लाल झालो. कांग भिंतीकडे बघत होता.

१५ जुलै

वास्तोरीच्या घोट्यांची सूज उतरलीय. आता शिडीवर उड्या मारतो. चेष्टेखोर माणसांवर देवाची माया जास्त असते बहुतेक. कांग इतक्या महिन्यांत नमाजाची एक रकात चुकला नाही, आणि सूज मांडीपर्यंत चढलीय. छातीत घोडा धावतोय म्हणतो. आडवं झालं की धाप लागते म्हणून उशांना टेकून बसतो. मऊभात आता दोन घास जातो. मी भात आणखी एकदा धुतो, हलका व्हावा म्हणून.

१९ जुलै

कांग कास्नावी गेला.

दोर ओढणं चालू होतं. मी मध्ये पळत जाऊन बघून आलो तेव्हा तो जागा होता. मला जवळ बसवलं. श्वास तोडत तोडत बोलला. "घरी गेलास की आधी तुझ्या आईकडे जा. आमच्याकडे मागून ये. आणि येशील तेव्हा डोकं ताळ्यावर ठेवून ये, बिरिन. ती लहान आहे. तिला काही बोलू नकोस."

मी विचारलं, "कांग, तुम्हाला ठाऊक होतं?"

"बरणीकडे बघत कोण कोणाला चहा देतं होय," तो म्हणाला. खळी पडली. मग मुकादमाने हाक मारली म्हणून मी गेलो आणि परत आलो तेव्हा हात गार होते.

म्हणजे त्याला सगळं माहीत होतं, आणि त्याची ना नव्हती. ये म्हणाला. हे लिहिताना मला लाज वाटते की माझ्या दुःखाच्या तळाशी कुठेतरी उजेड आहे.

२० जुलै

कप्तानाचा हुकूम आला: चादरीत गुंडाळा, साखळी बांधा, सोडा. दोर पाण्यात आहे, उशीर नको.

मी मासे कापायचा सुरा घेऊन कांगच्या दारात उभा राहिलो. हे शौर्य नव्हतं, मला दुसरं सुचलं नाही. कांगला पमलांगची माती मिळणार, त्याच्या आजोबांशेजारी, केवड्याच्या कुंपणाआत. मी तिला काय सांगू, तुझा भाऊ शार्कना वाटला म्हणून? एकेक जण दोर सोडून माझ्यामागे येऊन उभा राहिला. वास्तोरी आला, इंद्रमायूचा दासिरुन आला, जो कधी मान वर करून बोलत नाही. दोर आपोआप थांबला. इतक्या महिन्यांत दोर ओढणाऱ्या यंत्राचा आवाज पहिल्यांदा बंद झाला होता.

कप्तान वरून खाली आला. मला वाटलं आता मारणार. तो मुकादमाशी बोलला. मुकादमाने सांगितलं, "ठीक आहे. फ्रीजरमध्ये ठेवा. बंदराला लागलो की तुमच्या माणसाला गावी पाठवू. पण रिकामी बोट बंदराला लागत नाही. फ्रीजर भरा, बंदर आलंच."

"भरतो," मी म्हणालो.

आम्ही कांगला गोड्या पाण्याने न्हाऊ घातलं. सगळ्यांनी आपापलं पिण्याचं पाणी त्यात ओतलं. तो खंगून गेला असेल असं वाटलं होतं, पण तो भरलेला होता, पखालीसारखा. चौकड्याच्या लुंगीत आणि दोन पांढऱ्या चादरींत बांधला. नमाज मी पढवली. मग फ्रीजरच्या अगदी आतल्या कोपऱ्यात नेऊन ठेवला.

वास्तोरी बाहेर आल्यावर पुटपुटला की मेलेल्याला असं ताटकळत ठेवू नये. मी म्हटलं, मग तू शार्क हो. आम्ही जिंकलोय. या बोटीवर पहिल्यांदा कोणी तरी काही जिंकलंय.

८ ऑगस्ट

असं काम आम्ही कधीच केलं नव्हतं. कोणाला हाक मारावी लागत नाही. झोप आम्हीच कापलीय. जो थकतो त्याला मी फ्रीजरच्या दारापाशी नेतो आणि म्हणतो, तो आत थांबलाय. पुरतं. ट्यूनाचे थर चढतायत. कांगच्या भोवती जागा सोडून मी स्वतः रचतो, कोणाला हात लावू देत नाही. फ्रीजरची किल्ली मुकादमाने आता माझ्याकडेच दिलीय. कप्तानाने माझ्यासाठी बाटलीबंद पाणी पाठवलं. मी घेतलं. तहान लागली होती.

२२ ऑगस्ट

दासिरुन दोरापाशी मटकन खाली बसला. पाय दुखतात म्हणाला. मी ऊठ म्हटलं. नाही उठला. तो आत गोठून पडलाय आणि तुला पाय दुखतात काय, असं म्हणून मी त्याला लाथ घातली. कमरेत. तो उठला. त्याला घरी बायको आहे, माझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी मोठा असेल.

मुकादमाने मला सिगारेट दिली. "तू ओरडायला लागल्यापासून माझा घसा बरा आहे," म्हणाला. सिगारेट ओढली. मग पाठीमागे जाऊन बसलो. वास्तोरी समोरून गेला, काही चेष्टा केली नाही.

ठीक आहे. दासिरुनची माफी बंदरात मागेन. फ्रीजर जवळजवळ भरलाय. सप्टेंबरच्या आत पमलांग. मी मनात उजळणी करतो: टपरीसमोर पेटी उतरवायची, तिच्या बापाच्या हाताला कपाळ लावायचं, आणि मुनिरोहकडे बघायचं नाही, बरणीकडे बघायचं.

६ सप्टेंबर

फ्रीजर भरला, आणि काल मोठं जहाज आलं.

मला वाटलं त्यातूनच कांगला आणि आम्हाला नेतील. लुंगी धुऊन घातली होती. क्रेन लागली, आमचे थर एकेक करून उचलून गेले. मी कांगच्या कोपऱ्यापाशी उभा राहिलो, आता याला, म्हणालो. त्या जहाजाचा अधिकारी मागे सरला. मेलेल्याचे कागद नाहीत, म्हणाला, आम्ही घेऊ शकत नाही. म्हातारा स्वयंपाकी यावेळी दिसला नाही. दासिरुनचे सुजलेले पाय बघून कोणी काही विचारलं नाही.

जहाज सुटलं. फ्रीजर रिकामा. एवढ्या मोठ्या पांढऱ्या खोलीत फक्त कांग, कोपऱ्यात.

मी वर गेलो. कप्तान बाटलीतलं पाणी पीत होता. मुकादमाने त्याचं बोलणं मला सांगितलं, आणि सांगताना त्यालाही बहुतेक थोडी लाज वाटली असावी, कारण तो माझ्याकडे न बघता बोलला. "आता रिकामा आहे ना. भरा परत. भरला की बंदर."

७ सप्टेंबर

संध्याकाळचं जेवण घेऊन वास्तोरी शेजारी येऊन बसला. त्याचं बोलणं ऐकून हसू आलं नाही, हे पहिल्यांदाच.

"जिवंत होता तेव्हा कांगने कधी कोणाला ऊठ म्हटलं नाही. मेल्यावर यांनी त्याला मुकादम केलाय, बिरिन. आणि तू त्याचा हाताखालचा."

मी ताट भिरकावलं. त्याच्या अंगावर उठलो. तो हलला नाही, मारून घ्यायला तयार होऊन बसून राहिला, त्यामुळे मारता आलं नाही. मी म्हटलं, त्याला माती मिळाली पाहिजे. तो म्हणाला, या माणसाकडे माती नाहीये, याच्याकडे फक्त फ्रीजर आहे. अजून दहा वेळा भरलास तरी फ्रीजरच आहे. मी म्हटलं, मी तिला काय तोंड दाखवू? कुणाला, असं त्याने विचारलं नाही. एवढंच म्हणाला, त्याचं तोंड तरी झाकून टाकू.

नंतर मी आत जाऊन कांगशेजारी बसलो, थंडी सोसवेपर्यंत. भुवयांवर बर्फ धरलाय. तो झोपलेला वाटत नाही, मेलेलाही वाटत नाही. थांबवून ठेवल्यासारखा वाटतो.

८ सप्टेंबर

सकाळी, लख्ख उजेडात, दोर सोडायच्या वेळी आम्ही ते केलं. किल्ली माझ्याकडे होती, म्हणून कोणी विचारलं नाही. मी, वास्तोरी, दासिरुन आणि बाकीचे. लुंगीवर नवी चादर गुंडाळली. पायाला जुन्या नांगराचा तुकडा बांधला, तो वरून वाहत राहू नये म्हणून. सगळ्या गाठी मी मारल्या. मुकादम धावत आला तेव्हा कांग कठड्यावर होता, आमच्या आठ हातांवर.

माती म्हणून टाकायला काही नव्हतं. वास्तोरीने आपल्या पेटीच्या तळाचा केर झाडून आणला. तेगलच्या घरून आणलेल्या चपलांची धूळ होती त्यात. मूठभरही नाही. आम्ही चिमूटचिमूट टाकली. मग सोडला.

पाणी फारसं उडालं नाही. पांढरं काही तरी बराच वेळ खाली जाताना दिसलं, मग हिरवं झालं, मग नाही.

मी स्वतःला दिलेलं वचन मोडलंय. तिच्या दारात आता मी एकटाच जाणार. कांग म्हणाला होता आधी आईकडे जा, पण हे मी कुठे ठेवू? आधी मुनिरोहलाच सांगावं लागेल. ती रडेल, आणि मी तिच्यासमोर उभा असेन. कल्पनेतसुद्धा ती आज माझ्याकडे बघत नाहीये.

९ सप्टेंबर

कालपासून दोर पाण्यात गेलेला नाही.

असं काही ठरलं नव्हतं. कांग गेल्यावर प्रत्येक जण जिथे होता तिथे खाली बसला आणि उठावं असं कोणालाच वाटलं नाही. आमिषाचे बांगडे उन्हात वास मारायला लागलेत. किल्ली मी मुकादमाच्या पायाशी ठेवली. कप्तानाने यंत्राचं पाणी बंद केलंय. ते पाणी असं काय मोठं होतं. दुपारी त्याने मला एकट्याला वर बोलावलं, बाटली दाखवली. मी गेलो नाही. उन्हात जीभ टाळूला चिकटते, लिहितानाही.

मग मुकादम आला. यावेळी ओरडला नाही. आमच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, मढं तर तुम्हीच टाकलंत, आता भांडण कशासाठी? काय हवंय ते सांगा, मी वर जाऊन सांगतो.

सगळे माझ्याकडे बघायला लागले, कॉलेज शिकलेला म्हणून.

दासिरुन पाय पसरून बसला होता. त्याच्या नडगीवर सकाळी मी दाबलेल्या बोटाचा खड्डा अजून होता. तो मान वर करून म्हणाला, "बंदर."

"एवढंच?"

"एवढंच."

मुकादम उठून शिडी चढून वर गेला. अजून खाली आलेला नाही.